एनसीसीतून व्हिएतनामला निघालेली मुलगी: परीक्षा, जेवण, बोलणं आणि ते शिवाजी महाराजांचं फॉरवर्ड

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांना वर जाऊन शोधायला नको म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला, एसडब्ल्यू म्हणजे सीनियर विंगची कॅडेट, आरडीसी म्हणजे दिल्लीचा प्रजासत्ताक दिनाचा कॅम्प करून आलेली, आणि आता युथ एक्स्चेंज म्हणजे वायईपीमधून ऑक्टोबरात व्हिएतनामसाठी तिचं नाव लागलंय. तुम्ही सातारकडचे, घर माळकरी, मुलगी अंडंसुद्धा खात नाही, सेमिस्टरची परीक्षा त्याच सुमाराला, आणि घरातलं कुणीच याआधी परदेशात गेलेलं नाही. सामान काय द्यायचं, जेवणाचं काय होणार, ही नुसती सरकारी सहल की एसएसबीला म्हणजे सैन्यात ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाच्या मुलाखतीला काही उपयोग, असं तुम्ही विचारलंय आणि शेवटी हळूच जोडलंय की तिकडे भाषण करायची वेळ आली तर व्हिएतनामने शिवाजी महाराजांकडून गनिमी कावा शिकला तो किस्सा सांगितला तर चालेल का.

मी कॉलेजात भूगोल शिकवायचो, बरीच वर्षं एएनओ म्हणजे कॉलेजातला एनसीसी ऑफिसर होतो, कॅडेट घेऊन बाहेर जाण्याची संधीही मिळाली, आता रिटायर आहे. तेव्हा खाली लिहितोय ते त्या अनुभवातून. बटालियनचं किंवा दिल्लीचं लेखी पत्र यापेक्षा वेगळं काही सांगत असेल तर पत्र खरं धरा, माझं सोडून द्या.

तुमचे प्रश्न चार असले तरी मला त्यामागे एकच काळजी दिसते, पोरगी तिथे कमी पडू नये. आणि कमी पडायची जागा सामान किंवा जेवण ही नसतेच बहुतेक वेळा, बॅग एका संध्याकाळी भरून होते. पोरं अडतात ती बोलण्यात. समोरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कुणा भारतीयाशी बोलत असतो, त्याला घरातल्या, गावातल्या साध्या गोष्टी विचारायच्या असतात, आणि आपली कॅडेट पाठ केलेलं जनरल नॉलेज म्हणून दाखवते. यावर जास्त लिहिणार आहे. बाकीचं भराभर उरकतो.

सहल आहे का? युथ एक्स्चेंज हे देवाणघेवाणीवर चालतं. मित्रदेशांचे कॅडेट आणि युवक जानेवारीत दिल्ली कॅन्टला आरडीसीला येतात, करिअप्पा परेड ग्राउंडवर पीएम रॅलीला असतात, आपल्या पोरांबरोबर राहतात, आणि बदल्यात आपले कॅडेट त्यांच्याकडे जातात. रशिया, कझाकस्तान, सिंगापूर, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, व्हिएतनाम असे देश त्यात येतात, दरवर्षी सगळे असतातच असं नाही. दहा-बारा कॅडेट आणि बरोबर ऑफिसर असा छोटा ग्रुप, जाण्याआधी दिल्लीत एकत्र बोलावून ब्रीफिंग, ब्लेझरची मापं, मोमेंटो वगैरे. विमानभाडं, राहणं, जेवण यासाठी साधारणपणे घरून पैसे लागत नाहीत, तुमच्याकडे कुणी अमुक रक्कम भरा म्हणून मागितली तर द्यायच्या आधी बटालियनच्या ऑफिसात जाऊन विचारा. कार्यक्रम यजमान ठरवतात आणि तो दरवर्षी बदलतो, त्यामुळे यूट्यूबवर एखाद्या जुन्या कॅडेटचा व्हिडिओ बघून 'आम्हाला हालाँग बे दाखवणार' असं धरून बसू नका. दाखवतीलही, नाहीही. फिरणं भरपूर होतं, मजा येते, पण सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या छातीवर नेमप्लेट आणि इंडिया लिहिलेलं असतं, तेवढा फरक सहलीत आणि यात आहे.

परीक्षेचं काम सगळ्यात घाईचं, ते या आठवड्यात करा. बटालियनकडून प्रवासाच्या तारखांचं पत्र घ्या, एक प्रत प्रिन्सिपॉलना, एक परीक्षा विभागाला, दोन्हीकडून पोच घ्या. इंटर्नल आणि प्रॅक्टिकल कॉलेजच्या हातात असतं, ते बहुतेक ठिकाणी पुढेमागे करून देतात. विद्यापीठाचा पेपर असेल तर मामला वेगळा, तो तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर आहे आणि 'बघू, होईल काहीतरी' असं तोंडी आश्वासन कामाचं नाही. एखाद-दुसरा पेपर पुढच्या सत्रात देता येत असेल आणि त्याने डिग्रीचं वर्ष लांबत नसेल तर मी तिला पाठवा म्हणेन. डिग्रीच लांबणार असेल तर मात्र थांबून विचार करा, कारण तिला एनसीसी स्पेशल एन्ट्रीने ऑफिसर व्हायचं असेल तर 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि ग्रॅज्युएशनला ५० टक्के हे दोन्ही लागतं. निर्णय तिला घेऊ द्या, पण कागद समोर ठेवून.

पासपोर्ट आलेला आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यावरचं नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि एनसीसीच्या नॉमिनल रोलवरचं म्हणजे कॅडेटांच्या यादीतलं नाव एकसारखं आहे का तेवढं बघा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, एकावर आडनाव आधी, एकावर नुसतं इनिशियल असा गोंधळ असतो आणि तो विमानतळावर लक्षात येतो. व्हिसाचं काम वरून होतं, तुम्ही एजंट गाठू नका.

आता जेवण. व्हिएतनाममध्ये शाकाहारी मिळतं, 'आन चाय' म्हणतात, बौद्ध घरांतून पुष्कळ लोक त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे खात नाहीत, त्यामुळे शाकाहार म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. अडचण दुसरीकडे आहे. नुओक माम नावाचा माशाचा सॉस जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो, भाजीतसुद्धा, आणि त्यांचं ते प्रसिद्ध 'फो' म्हणजे नूडल्सचं सूप, त्याचं पाणी हाडं तासन्तास उकळून केलेलं असतं. यजमान प्रेमाने वरचं मांस बाजूला काढतात, कोथिंबीर, मोड, लिंबू घालून वाटी पुढे सरकवतात, 'व्हेजिटेरियन' म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच व्हेजिटेरियन असतं. म्हणून नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही. दिल्लीच्या फॉर्मवर आणि ऑफिसरांना स्पष्ट लिहून द्या, मांस, मासे, अंडी, माशाचा सॉस, हाडांचं पाणी, यातलं काहीच नको. मग भात, टोफू, लसणावर परतलेली पालेभाजी, शेंगदाणे, फळं यावर पोट छान भरतं. लसूण चालत नसेल तर तेही लिहा.

बरोबर मेतकूट द्या. खरंच सांगतो, भात सगळीकडे मिळतो आणि मेतकूट-भात खाऊन पोरं दहा दिवस काढतात. शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी दशम्या, सगळं सीलबंद करून चेक-इन बॅगेत. तेलाचं लोणचं नको, ते ब्लेझरवर सांडतं. माळ युनिफॉर्ममध्ये शर्टाच्या आत राहू द्या, तशा बऱ्याच मुली घालतात. आणि नको म्हणायचं कसं याची घरी प्रॅक्टिस करून घ्या. हात जोडायचे, हसायचं, 'माझ्या घरी चालत नाही' एवढंच सांगायचं, नाक मुरडायचं नाही आणि शाकाहार कसा श्रेष्ठ यावर प्रवचन द्यायचं नाही. रात्रीच्या जेवणात ते ग्लास उंचावून 'मोत, हाय, बा' म्हणजे एक-दोन-तीन म्हणून आरोळी देतात, तेव्हा तिने ज्यूसचा ग्लास उंचावला तरी कुणाला काही वाटत नाही. बाजूला तोंड करून बसलं तर वाटतं. चॉपस्टिक भाताच्या वाटीत उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, ते मृतांसाठी उदबत्ती लावल्यासारखं दिसतं. वस्तू देता-घेताना दोन्ही हात.

सामानात फार लिहिण्यासारखं नाही. बूट नवे नकोत, घासून पायात बसलेले हवेत. तीन पिनांचं चार्जर तिथे चालेलच असं नाही, दोन गोल पिनांचं बहुतेक ठिकाणी बसतं, तरी एक अडॅप्टर असू द्या. औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, रोजचं काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. सॅनिटरी पॅड घरून पुरेसे. छत्री. पैशांचं म्हणाल तर डाँग हे चलन आपल्या गावातल्या बँकेत मिळत नाही, थोडे डॉलर द्यावेत आणि तिथे बदलून घ्यावेत. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग, त्यामुळे चहाचं बिलसुद्धा हजारांत येतं आणि पोरं गांगरतात. त्यात २०,००० ची आणि ५,००,००० ची नोट दोन्ही निळसर, संध्याकाळच्या बाजारात दिव्याखाली हमखास गफलत होते. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव एवढं सांगा.

आता मूळ मुद्दा, बोलणं.

व्हिएतनाममध्ये आपल्या एनसीसीसारखी संघटना नाही. तिकडे युवकांचं काम हो ची मिन्ह कम्युनिस्ट युथ युनियन बघते, ती १९३१ पासूनची. शिवाय शाळा-कॉलेजात संरक्षण शिक्षण हा विषयच असतो, मुलंमुली दोघांनाही, कवायत, रायफलची माहिती वगैरे, आणि मुलांना १८ ते २५ वयात दोन वर्षांच्या लष्करी सेवेसाठी बोलावणं येऊ शकतं. हे तिला माहीत असलं की समोरचा कुठून बोलतोय ते कळतं. आपल्याकडे एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली, चीन युद्धानंतर १९६३ पासून काही वर्षं कॉलेजात सक्तीची होती आणि १९६८ ला पुन्हा ऐच्छिक झाली. सक्ती नाही, पगार नाही. मग का करता?

हाच प्रश्न तिथे येतो. हनोईत एका संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबर गप्पांचा कार्यक्रम होता, प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, समोर ग्रीन टी आणि सोललेल्या पोमेलोच्या म्हणजे पपनसाच्या फोडी. एका मुलाने सरळ विचारलं की आम्हाला बोलावणं आलं तर जावंच लागतं, तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही, तर तुम्ही मुली पहाटे पाचला उठून परेड कशासाठी करता. आमची सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांमधली सगळ्यात वरच्या रँकची मुलगी, उभी राहिली आणि 'युनिटी अँड डिसिप्लिन, नेशन बिल्डिंग, लीडरशिप क्वालिटीज' असं दीड मिनिट एका श्वासात बोलली. इंग्लिश एक नंबर. त्या मुलाने मान हलवली, थँक यू म्हणाला, संपलं. मग यवतमाळ जिल्ह्यातली एक मुलगी, जिचं इंग्लिश दर तिसऱ्या शब्दाला अडायचं, ती बसूनच म्हणाली की आमच्या गावात मुलगी सातनंतर बाहेर राहिली तर चर्चा होते, कॅम्पच्या निमित्ताने मी पहिल्यांदा दहा दिवस घराबाहेर राहिले, पॉइंट टूटू रायफलने पाचातल्या चार गोळ्या लावल्या, आणि मग माझ्या बाबांनीच त्या टार्गेटचा कागद दुकानात नेऊन लोकांना दाखवला. झालं, तिकडच्या मुलींनी खुर्च्या पुढे ओढल्या. तुझे बाबा आधी काय म्हणाले होते, गावात मुली किती शिकतात, लग्नाचं वय काय, आमच्याकडे मी कारखान्यात जाऊन हॉस्टेलचे पैसे भरते, असं तासभर चाललं आणि शेवटी बसवाल्याने हॉर्न मारला.

म्हणून तुमच्या मुलीकडून आत्तापासून एक काम करून घ्या. घरी रोज एक प्रश्न विचारा आणि तिने दोन मिनिटांत साध्या इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, तेही तिच्या घरातल्या, गावातल्या उदाहरणाने. तुमच्या घरी कोण काय काम करतं. शेतात काय पिकतं, पाणी कुठून येतं. लग्न कोण ठरवतं. जात म्हणजे काय (हा येतोच, टाळू नका, खोटंही सांगू नका, कायदा काय म्हणतो आणि गावात काय दिसतं दोन्ही सांगता आलं पाहिजे). इतक्या भाषा असून एकमेकांशी कसं बोलता. वारी म्हणजे काय, हे तर ती तुमच्याकडे बघून सांगू शकते, माळकरी घरातली मुलगी आषाढीला चालत जाणाऱ्या लाखो लोकांबद्दल बोलायला लागली तर ताजमहालाचं कुणी विचारणार नाही. मुली सैन्यात जातात का, तर सांगावं की खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली आल्या आणि पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये पास आउट झाल्या. आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी समोरच्याला एक प्रश्न विचारायची सवय. आपली पोरं बोलतात बरं का, पण विचारत नाहीत.

काही विषय सोडायचे. चीन, तिकडच्या समुद्राच्या हद्दीचा वाद, त्यांचं सरकार, आपलं सरकार, पाकिस्तान. कुणी खोदून विचारलं तर 'मी कॅडेट आहे, यावर बोलणं माझ्याकडे नाही' असं हसून सांगायचं, कुणी वाईट मानत नाही.

आता तो शिवाजी महाराजांचा किस्सा. अजिबात नको. वर दोघातिघांनी 'अभिमानाने सांगा' असं लिहिलंय, माझं मत उलट आहे. त्या फॉरवर्डमध्ये कधी राष्ट्राध्यक्ष असतो, कधी परराष्ट्रमंत्री बाई रायगडावर येऊन माती घेऊन जातात, कधी कुणाच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा मावळा' असं कोरलेलं असतं. आवृत्ती बदलली की माणूस बदलतो, पुरावा कशालाच नाही. आपल्या ग्रुपवर ठीक आहे, पण तिथे समोर इतिहासाचा प्राध्यापक बसलेला असू शकतो आणि तिच्या छातीवर भारताचं नाव आहे.

शिवाय त्या लोकांना लढायला कुणी बाहेरून शिकवावं लागलेलं नाही. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ या सेनापतीने बाख दांग नदीच्या तळात टोकदार लाकडी खांब रोवले, भरतीच्या वेळी मंगोल जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटी लागली तशी ती खांबांवर अडकून फुटली. हीच युक्ती त्याच नदीवर ९३८ मध्ये न्गो क्वेन याने चिनी आरमारावर वापरली होती. ले लोई १४१८ ते १४२७ अशी जवळपास दहा वर्षं डोंगराच्या आधाराने चीनच्या मिंग फौजांशी झुंजला आणि राजा झाला. १९५४ ला दिएन बिएन फूला जनरल जाप यांच्या माणसांनी तोफा दोरखंडांनी ओढत डोंगरावर चढवल्या, सायकलींवर दोन-दोन क्विंटल धान्य लादून ढकलत नेलं आणि ७ मे ला फ्रेंचांचा तळ पडला. असल्या लोकांना जाऊन 'हे तुम्ही आमच्याकडून शिकलात' म्हणायचं म्हणजे यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्या आजोबांची पुण्याई आपल्या नावावर लावून घेण्यासारखं आहे.

महाराजांबद्दल बोलायचं तर खरं बोलावं, ते पुरेसं मोठं आहे. जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या युनेस्को बैठकीत आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्याच बैठकीत व्हिएतनामचं येन तू आणि आसपासच्या स्थळांचं संकुलही यादीत गेलं, आणि त्यात कीएप बाक आहे, म्हणजे त्या त्रान हुंग दाओचंच ठाणं आणि त्याचं देऊळ. एकाच आठवड्यात. आता हे तिने सांगितलं तर सभागृहातला प्रत्येक माणूस कान टवकारेल. तुम्ही साताऱ्याचे, तिने प्रतापगड चढलेला असणारच, तर १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं, जावळीचं रान कसं आहे, अफझलखानाच्या मोठ्या फौजेला तिथे का हलता आलं नाही, हे स्वतःच्या पायांनी बघितलेलं तीन-चार वाक्यांत सांगायचं आणि मग म्हणायचं की तुम्ही नदीची भरती-ओहोटी वापरलीत, आमच्याकडे डोंगर वापरला, मला बाख दांगबद्दल आणखी सांगाल का. एवढं भाषण पुरे.

दोन देशांमधलंही थोडं माहीत असावं. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर तिथे जो आंतरराष्ट्रीय देखरेख आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं आणि आपले लष्करी अधिकारी तिथे जाऊन राहिले होते. हो ची मिन्ह १९५८ ला भारतात येऊन गेले. अलीकडे २०२३ मध्ये आपण आयएनएस कृपाण ही युद्धनौका त्यांना भेट दिली. हे पाठांतरासाठी नाही, कुणी विषय काढला तर कोरं तोंड दिसू नये म्हणून.

बघायच्या ठिकाणांत हो ची मिन्ह यांची समाधी बहुधा असेल. बा दिन्ह चौकात, जिथे त्यांनी २ सप्टेंबर १९४५ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. आत रांगेत, न बोलता, हात खिशात न घालता, टोपी काढून, मोबाइल-कॅमेरा बंद. तिथे कुजबुजलेलंही पहारेकऱ्यांना चालत नाही, त्यामुळे मैत्रिणीला काही सांगायचं असेल तर बाहेर आल्यावर. साहित्य मंदिर दाखवतात, १०७० चं, तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत आणि त्यांवर जुन्या राजपरीक्षा पास झालेल्यांची नावं. कासवांच्या डोक्याला हात लावायचा नसतो. लष्करी इतिहासाचं नवं संग्रहालय नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडलंय, तिथे नेलं तर मिग-२१ समोर तिने थांबावं. अमेरिकन विमानं पाडणारी ती मिग त्यांच्यासाठी राष्ट्रीय ठेवा आहे, आणि आपल्याकडे तीच जात नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात बनायची, सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. माझा भूगोलवाला जीव आहे, मी तिथे तासभर काढला असता, वेळापत्रक काढू देत नाही.

सांस्कृतिक कार्यक्रम हा एकच भाग असा की ज्याची तालीम ग्रुप दिल्लीत करतो. आपली मुलगी महाराष्ट्राची म्हणजे लावणी असं सगळे धरून चालतात. येत असेल तर करावी. पण नऊवारी नेसायला कुणीतरी लागतं, घुंगरांचं वजन, केसांचा अंबाडा, आणि मधे कपडे बदलायला पाच मिनिटं मिळतात. मला विचाराल तर लेझीम. दोन लेझीम टॉवेलात गुंडाळून बॅगेत जातात (चेक-इनमध्ये, केबिनमध्ये नको, सिक्युरिटीवाला ती वाजवून बघतो आणि रांग थांबते), पंजाबची असो की मिझोरामची, बरोबरच्या पोरी दोन संध्याकाळीत पावलं शिकतात आणि शेवटी यजमानांच्या हातात देता येतात. त्यांना वाजवता आलं की फोटो काढायला झुंबड उडते. भेटवस्तू हलक्या आणि आपल्याकडच्या, छोटं वारली चित्र, सावंतवाडीची लाकडी फळं, हिमरूचा रुमाल. प्लॅस्टिकचे झेंडे नकोत, ते दुसऱ्या दिवशी खोलीच्या कचऱ्यात दिसतात आणि ते आपल्यालाच बघवत नाही.

मोबाइलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. युनिफॉर्ममध्ये रील नाही, लोकेशन टाकायचं नाही, ग्रुपचा कार्यक्रम आधी जाहीर करायचा नाही. तिकडची घड्याळं आपल्यापुढे दीड तास, तर रात्री दहाला तुम्ही फोन केलात तेव्हा तिथे साडेअकरा झालेले असतात आणि सकाळी सहाला फॉल इन असतो. रोज व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका, ऑफिसरांचा नंबर तुमच्याकडे असतोच.

एसएसबी. स्पष्ट सांगतो, वायईपी केलं म्हणून एसएसबीत वेगळे मार्क नाहीत. पण पीआयक्यू म्हणजे स्वतःच्या माहितीच्या फॉर्मवर ते लिहिलं जातं आणि इंटरव्ह्यू घेणारा ऑफिसर तो फॉर्म हातात घेऊनच बसतो, तेव्हा त्यावर प्रश्न येणार हे धरून चाला. 'खूप छान अनुभव होता, त्यांची संस्कृती समजली' असं उत्तर दिलं की पुढचे तीन प्रश्न अडचणीचे येतात. कुणाशी बोललीस, तो काय करत होता, ग्रुपमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलं, तू काय केलंस, त्यांची कुठली गोष्ट आपल्याकडे चालणार नाही आणि का. याची उत्तरं सहा महिन्यांनी आठवत नाहीत. म्हणून रोज झोपण्यापूर्वी पाच ओळी, मराठीत, साध्या वहीत. आज कोण भेटलं, काय विचारलं, मला काय सांगता आलं नाही. ठिकाणांची वर्णनं नकोत, ती नेटवर आहेत. परत आल्यावर बटालियनला रिपोर्ट द्यावा लागतो, कॉलेजात ज्युनियर पोरांसमोर बोलावं लागतं, तिथेही हीच वही कामी येते.

तारखांचं पत्र हातात आलं की इथेच लिहा. विद्यापीठ कुठलं तेही सांगा, परीक्षा विभागाला द्यायच्या अर्जाचा मसुदा करून देतो.